शेंगा फोडायच्या, गाठ सोडायची

मराठीत ‘उघडणे’ हा शब्द आहे, पण दिवसभरात आपले हात ज्या ज्या गोष्टी मोकळ्या करतात, त्यांतल्या फार थोड्या आपण उघडतो. पहाटे आधी कडी काढायची, मग दार उघडायचं. कुलूप असेल तर तेही काढायचं. वेणी सोडायची, केसांतला गुंता उकलायचा. नव्या साडीची घडी मोडायची. पाकीट फोडायचं. पोथीला बांधलेलं फडकं सोडायचं आणि त्यानंतर पोथी उघडायची. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं असेल तर ते सोडायचं, शिवलेलं असेल तर उसवायचं. डब्याचं झाकण, बाटलीचं बूच, पेनचं टोपण ही सगळी काढायची. डॉक्टरांपुढं तोंड वासायचं, रक्त काढून झालं की मूठ सोडायची. रानात एक वाफा भरला की पुढच्या वाफ्याचं दारं मोडायचं, म्हणजे पाणी तिकडं वळतं. गॅरेजवाला इंजिन खोलतो, आणि त्याच्या तोंडी ‘खोलणे’ म्हणजे नुसतं झाकण उचलणं नव्हे, भाग न् भाग सुटा करणं.

नारळ घरच्या चटणीसाठी फोडतात आणि देवापुढं वाढवतात. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेच्या सोळा रस्त्यांवरची जुनी दुकानदार मंडळी रात्री दुकान बंद करत नाहीत, दुकान वाढवतात. बांगडी फुटली तरी घरातली वडीलधारी बाई ‘वाढली’ म्हणते, दिवाही वाढवते. बंद होणं, फुटणं, विझणं हे अशुभ. म्हणून त्या जागी भरभराटीचा शब्द ठेवायचा, हे आपल्या माणसांनी फार पूर्वी ठरवून टाकलं आहे.

ही मोजदाद मी हौसेनं करत नाही. औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी पहिली-दुसरीला शिकवत आले. आता निवृत्त होऊन लातुरात औसा रोडला राहते. आमच्या इमारतीतली लहान मुलं खाऊ घेऊन माझ्याकडे येतात. ‘आज्जी, हे केळं ओपन करून दे.’ ‘आज्जी, शेंगा ओपन कर ना.’ बुटाची गाठ ओपन, डबा ओपन, दप्तराची साखळी ओपन, रंगाची बाटली ओपन. गोड मुलं आहेत, मराठीच बोलतात. त्यांचे आईवडीलही मराठीच बोलतात. पण या घरांतून एकामागून एक सोलणं, फोडणं, सोडणं, उकलणं, उसवणं निघून गेलं आहे आणि त्या सगळ्यांच्या जागी एकच शब्द येऊन बसला आहे. याची चिंता मला मनापासून वाटते, आणि ती का वाटते हे नीट सांगायला हवं. कारण ‘मराठी वाचवा’ म्हणणाऱ्यांची गर्दी मोठी आहे आणि त्या गर्दीत ही गोष्ट कुणी बोलत नाही.

भुईमुगाची वाळकी शेंग फोडतात. चोचीच्या बाजूनं अंगठा दाबायचा, टरफल कडकन् तुटतं, दाणे हातात येतात. तुरीची ओली शेंग सोलतात. तिथं दाबून काही होत नाही, कडेनं बोट घालून ती सरळ चिरत न्यायची. लसणाचा आधी गड्डा फोडायचा, मग पाकळ्या सोलायच्या. कच्चं अंडं फोडायचं, उकडलेलं सोलायचं. सीताफळ पिकलं की बोटांनी उकलायचं. आणि ते झाडावरून कधी काढायचं, तर त्याचे डोळे उघडले की. म्हणजे क्रियापद नुसतं काय झालं ते सांगत नाही. वस्तू कडक आहे की मऊ, ओली आहे की वाळलेली, बांधलेली आहे की शिवलेली, जोर लावायचा की सांभाळून घ्यायचं, हे सगळं त्यात भरलेलं असतं. आई लेकराला ‘सोल’ म्हणते तेव्हा ती त्याच्या बोटांना शिकवत असते. ‘ओपन कर’ म्हटलं की बोटांना काहीच कळत नाही. शेवटी कात्री येते, नाहीतर आजी.

असं बारकाईनं बोलणारे जगात आपण एकटेच नाही. बाली बेटावर खाण्याच्या क्रियेला खाणारा कोण आहे त्यावरून वेगळा शब्द लावतात. थोरामोठ्यांसाठी एक, बरोबरीच्या माणसासाठी दुसरा आणि जनावरासाठी तिसरा. माणसासाठी तो तिसरा वापरला तर ती शिवी होते. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल भाषेत भाकरी खाणं, मांस खाणं, मऊ फळ खाणं आणि दाणे कुडूमकुडूम चावणं यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत. कोरियन भाषेत उघडण्याला दार आणि डबा यांसाठी एक शब्द, तोंड किंवा शिंपला यांसाठी दुसरा, डोळ्यांसाठी तिसरा, पाकिटासाठी चौथा, पुस्तक आणि पंखा यांसाठी आणखी एक. हे वाचलं तेव्हा मला आपलं दार उघडणं, तोंड वासणं, पाकीट फोडणं, घडी उलगडणं आठवलं.

मेलिसा बोवरमन नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेत काम करत. लहान मूल क्रियापदं कशी शिकतं, यावर त्यांचं आयुष्य गेलं. २००५ साली त्यांनी लिहिलेल्या एका लेखाचं शीर्षकच असं होतं की कठीण कवचाचं फळ ‘ओपन’ का करता येत नाही आणि शिजलेली शेवई ‘ब्रेक’ का करता येत नाही. इंग्रजी घरातली मुलं सुरुवातीला ‘ओपन’ हा शब्द मिळेल तिथं वापरतात, सोलण्यालाही, जुळलेल्या वस्तू अलग करण्यालाही. मग मोठ्यांचं ऐकत ऐकत तो कुठं थांबवायचा ते शिकतात. म्हणजे इंग्रजीसुद्धा सगळ्याला ‘ओपन’ म्हणत नाही. तिथं ‘पील’ आहे, ‘क्रॅक’ आहे, ‘अनटाय’ आहे, ‘अनरॅप’ आहे. आपण त्यांच्याकडून एवढा एकच शब्द उचलला आणि घरचे डझनभर शब्द त्याच्यासाठी सोडून दिले. या व्यवहारात मुलांना ना धड इंग्रजी मिळालं, ना मराठी राहिली.

यावर कुणी म्हणेल, शब्द येतात-जातात, भाषा बदलतच असते. हो, बदलते. त्यातलं काही जाणारच होतं आणि त्यासाठी मी रडत नाही.

पेवाचं उदाहरण घ्या. आमच्या भागात जमिनीखाली खोल खड्डा करून त्यात ज्वारी साठवत. तोंड बंद करून वर माती लिंपत. पेव फोडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आतली हवा विषारी झालेली असते म्हणून तोंड बराच वेळ मोकळं ठेवत, कंदील दोरीनं आत सोडून बघत, तो विझला तर थांबत. ही खबरदारी न घेतल्यानं माणसं दगावली आहेत. आज पेवं नाहीत. ‘शहरात क्लासेसचं पेव फुटलं’ असं वर्तमानपत्रात छापून येतं, पण ते वाचणाऱ्या मुलाला पेव ठाऊक नसतं. मोट गेली, जातं गेलं, तसं पेवही गेलं. वस्तूच गेली तर तिच्याभोवतीचे शब्द फार दिवस तग धरत नाहीत. बायकांच्या मानेवरचं ओझं आणि हातांवरचे घट्टे त्या वस्तूंबरोबर कमी झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते परत यावं असं मी कधीही म्हणणार नाही.

पण शेंग गेलेली नाही. गाठ, लसूण, उसवलेली शिवण, गुंतलेली पोरीची वेणी, यातलं काहीही गेलेलं नाही. काम तेच, हात तेच, आणि शब्द मात्र विनाकारण चालला आहे. या दोन जाण्यांत फरक करायला पाहिजे, आणि आपण तो करत नाही. पाटा-वरवंट्याची चित्रं भिंतीवर लावून शाळेत ‘जुन्या वस्तूंचे प्रदर्शन’ भरवतो आणि त्याच शाळेत बाई मुलांना ‘वह्या ओपन करा’ म्हणतात.

शेतात काय झालं ते सांगते. माझ्या माहेरी ज्वारी काढली की कणसं मोडायला बायका बसत. हरभरा उपटायचा, तूर कापायची, मुगाच्या शेंगा तोडायच्या, कापूस वेचायचा, मेथी खुडायची, आंबा उतरवायचा, बोरं झाडायची, चिंच झोडपायची. प्रत्येक पिकाला त्याचा शब्द, कारण प्रत्येक पीक झाडापासून वेगळं करण्याची तऱ्हा वेगळी. गेल्या दोन-तीन दशकांत लातूर जिल्हा सोयाबीनचा झाला. सोयाबीन पेरतात, फवारतात, काढतात, यंत्रात घालतात. पैसा त्यानं दिला, हे खरं. पण एका पिकानं रान व्यापलं की बोलणंही त्या पिकापुरतं होतं, हे कुणी मोजलेलं नाही.

तरी सोयाबीननं एक जुना शब्द राखला. काढणीला उशीर झाला की शेतकरी म्हणतो, ‘शेंगा तडकूलाल्या.’ ऊन लागून वाळलेली शेंग आपोआप चटकन् फुटते, दाणे मातीत पडतात, हातातलं पीक जातं. या ‘तडकण्या’च्या शेजारी आमच्याकडे ‘उलणे’ आहे. उन्हाळ्यात काळी भुई उलते. थंडीत टाचा उलतात, ओठ उलतात. कापसाचं बोंड उलतं. चारही ठिकाणी एकच घडतं: आत ताण येतो, बाहेरचं कवच वाळून आवळतं, आणि कुणी हात न लावता ते आपणहून फाकतं. कळी मात्र उलत नाही, ती उमलते. त्यात वाळणं नाही, ताण नाही, रसरशीतपणा आहे. लिहिता-वाचता न येणारी माझी आई हा भेद एकदाही चुकली नाही.

आता लातूरच्या पोरांकडे बघा. हे शहर ‘लातूर पॅटर्न’साठी ओळखलं जातं, दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलं इथं खोली घेऊन ‘नीट’ची तयारी करायला येतात. त्यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘डिहिसन्स’ नावाचा शब्द असतो. फळ वाळल्यावर आपोआप फुटून बी बाहेर पडणं. शेंग दोन्ही कडांनी फाटते, कापसाचं बोंड कप्प्याकप्प्यांनी उघडतं, काही फळं फुटतच नाहीत. मुलं हे रात्र रात्र जागून पाठ करतात. ज्या मुलाच्या घरी ‘शेंग तडकली’, ‘बोंड उललं’ हे बोललं जातं, त्याला ते पाठ करावं लागणार नाही. त्याला फक्त त्याच्या आजीच्या शब्दाला परीक्षेतलं नाव जोडायचं आहे. पण ती जोडणी करून द्यायला आपल्या शिकवणीत जागा नाही. आजीचा शब्द ‘गावठी’ आणि पुस्तकातला ‘सायन्स’, हे मुलाच्या मनात आपणच पक्कं करतो. ‘या शब्दांनी पोट भरतं का’ असं पालक मला विचारतात. माझं उत्तर हेच आहे. निरीक्षण केलेलं ज्ञान आपल्या घरात तयार पडून आहे, ते फेकून देऊन तेच पुन्हा फी भरून विकत घेऊ नका.

एका खाजगी शाळेच्या चाचणीत दुसरीच्या मुलांना ‘शेंगा —’ अशी मोकळी जागा भरायला दिली होती. शेजारच्या मुलीनं ‘फोडणे’ लिहिलं. उत्तरपत्रिकेवर लाल फुली, आणि बाजूला ‘सोलणे’. तिच्या घरी भुईमूग होतो. ती रोज शेंगा फोडते. तिचं उत्तर बरोबर होतं, आणि तिला हे कळलंही नाही की ते बरोबर होतं. ती गप्प बसली आणि पुढच्या वेळी ‘सोलणे’ लिहिलं. अशा एका लाल फुलीत शब्द मरतो, आणि मुलीचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासही थोडा मरतो.

शब्द किती महत्त्वाचा असू शकतो, हे आमच्या तालुक्यानं फार वाईट दिवसांत पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची पहाट, चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाची जड छतं झोपलेल्या माणसांवर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. मी त्या दिवसांत औसा तालुक्यातच नोकरीला होते. ढिगाऱ्यांवर बाहेरून आलेली माणसं कुदळी घेऊन उभी राहिली, आणि गावकरी ओरडत होते, ‘खणू नका, उकरा!’ खणणं म्हणजे कुदळीचा खोल घाव. उकरणं म्हणजे हातांनी, बोटांनी, फार तर खुरप्यानं वरची माती बाजूला सारत जाणं, कारण खाली कुणाचा तरी श्वास असेल. आणि जिथं आता कुणी नाही याची खात्री पटली, तिथं मग ढिगारा ‘उपसा’. खणणं, उकरणं, उपसणं. तिन्ही ठिकाणी मातीच काढायची होती. पण यातला कोणता शब्द कानावर पडतो, यावर खालच्या माणसाचा जीव होता. तीन शब्दांऐवजी ‘डिग करा’ एवढंच ज्यांच्याजवळ असेल, त्यांनी तिथं काय केलं असतं, हा विचार मी बरेचदा करते.

व्याकरणाची एक बाजू इथं सांगितली पाहिजे, कारण दुखणं नेमकं तिथं आहे. परकं नाम मराठीत आलं तर ते सुखानं नांदतं. बस आली, बसला उशीर झाला, बसमधून उतरलो. त्यानं माझी काही तक्रार नाही. इंजिन, गॅरेज, डॉक्टर हे शब्द मी याच लेखात वापरले आहेत. क्रियापदाचं तसं होत नाही. फारसी-अरबीतून शब्द आले तेव्हा मराठीनं त्यांतून धडधाकट क्रियापदं घडवली: खर्चणे, बदलणे, फर्मावणे, आजमावणे. ते शब्द आज परके वाटतही नाहीत. इंग्रजीच्या बाबतीत आपण ती मेहनत सोडून दिली. ‘ओपनणे’ कुणी म्हणत नाही. ओपन करणे, कट करणे, फोल्ड करणे, पील करणे, मिक्स करणे, वॉश करणे. म्हणजे प्रत्येक इंग्रजी शब्दामागं ‘करणे’ येतं, आणि चिरणे, कापणे, घडी घालणे, सोलणे, कालवणे, विसळणे, खंगाळणे हे सगळे बाजूला सरतात. नामं बदलली तर घरातल्या वस्तूंची नावं बदलतात. क्रियापदं गेली तर मराठीचा कणाच जातो. मग हातात राहतो ‘करणे’ आणि त्याच्यापुढं लावलेली उसनी नावं.

आता सरकारकडे आणि विद्यापीठांकडे येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्हा शिक्षकांना त्याचा आनंद झाला, पेढे वाटले. विदर्भात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही उभं राहत आहे. ते ठिकाण ‘लीळाचरित्रा’चं, तेराव्या शतकातल्या म्हाइंभटांचं. म्हाइंभटांनी तो ग्रंथ कसा रचला, हे आज आठवलं पाहिजे. ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं-ऐकलं होतं, त्या माणसांना गाठून, विचारून, त्यांच्या आठवणी त्यांनी गोळा केल्या. अभिजात मराठीचा पहिला मोठा गद्यग्रंथ लोकांना विचारून तयार झाला आहे. दर्जा मिळाल्यावर आपण मात्र परिसंवाद भरवतो, जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या काढतो, शिलालेखांची छायाचित्रं छापतो. ते व्हायला हवंच. पण जिवंत माणसांना विचारण्याचं काम मागं पडलं आहे.

मराठवाड्याच्या बाबतीत हे जास्तच खरं. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, पुरवणी १९५० साली. या माणसांचे उपकार फेडता येणारे नाहीत. पण पुरवणी सोडली तर त्या सगळ्या काळात आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होतं, आणि हैदराबाद मुक्त होईपर्यंत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, मराठीला त्या राज्याच्या कारभारात मान नव्हता. ज्या मुलखातून मराठीत लिहून-छापून फार थोडं बाहेर येत होतं, तिथलं शेताचं, चुलीचं, बाजाराचं बोलणं मुंबई-पुण्यातल्या कोशांत कमी पोहोचणार, हे उघड आहे. त्यातून उदगीर, देवणी, निलंगा भागात कन्नड शेजारी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, आणि सोबतीला दखनी. या सरमिसळीतून हातांच्या कामाचे जे शब्द तयार झाले, ते बोलणाऱ्या बाया आज सत्तरीच्या पुढं आहेत.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, गणेश देवींच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंडही २०१३ साली आला. त्याच्यापुढचं बारीक काम आता जिल्ह्याजिल्ह्यानं करावं लागेल, आणि ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठानं करावं अशी माझी उघड मागणी आहे. त्यांचं उपकेंद्र लातुरात आहे. पदव्युत्तर मराठीची मुलं आहेत, आणि त्यातली बहुतेक शेतकऱ्यांची आहेत.

पद्धत अवघड नाही. बोवरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापणं-तोडणं या एका विषयासाठी ६१ छोट्या चित्रफिती केल्या होत्या. कुणी गाजर चिरतंय, कुणी कापड फाडतंय, कुणी काठी मोडतंय. त्या २८ भाषांच्या माणसांना दाखवून एवढंच विचारलं, यानं काय केलं? त्यात आपल्या देशातल्या हिंदी आणि तमिळही होत्या. २००७ साली ते संशोधन छापून आलं. आपल्याकडे तर आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात मोबाइल आहे. उघडणं-सोडणं-फोडणं या एका विषयावर अशा फिती घ्या आणि रेणापूरच्या, चाकूरच्या, कंधारच्या, मुखेडच्या म्हाताऱ्या बायांना, हमालांना, शिंप्यांना दाखवा. ‘हे काय करूलालेत?’ एवढं विचारा आणि ऐका. उत्तर शुद्ध करून लिहू नका. जे ऐकू आलं तेच लिहा.

प्राथमिक शाळांसाठी याहून सोपं आहे. ‘क्रियापद म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द’ ही व्याख्या घोकवण्याआधी वर्गात टोपलीभर वस्तू ठेवा: लसणाचा गड्डा, गाठ मारलेली दोरी, शिवलेली पिशवी, भुईमुगाच्या शेंगा, डिंकानं चिकटवलेलं पाकीट. मुलांना हातानं काम करू द्या आणि काय केलं ते सांगू द्या. ज्या घरात जे म्हणतात ते फळ्यावर लिहा, दोन-तीन उत्तरं आली तर दोन-तीन लिहा. आणि तपासणीच्या सूचनांत स्पष्ट लिहून टाका की बोलीतलं क्रियापद बरोबर धरावं. यासाठी कुठलाही निधी लागत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांचं एक परिपत्रक पुरेल.

चित्रफिती घेणाऱ्यांना एक व्यवहाराची सूचना. फितीत आवाज ठेवायचा नाही. काम करणारी बाई बोलता बोलता स्वतःचा शब्द वापरून जाते आणि बघणारी तोच उचलते. अर्ध्या मिनिटाची फीत पुरे, आणि त्यात चेहरा नको, हात नीट दिसले पाहिजेत. हंगाम बघून आखणी करा. सोयाबीन तडकलेलं बघायचं तर ऑक्टोबर, सीताफळ त्याच सुमाराला, तुरीच्या ओल्या शेंगा वेळ अमावस्येच्या आगेमागे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. लातूरच्या बाजारात चिंच फेब्रुवारीपासून येते. तेव्हा ती फोडायला बसलेल्या बायका टरफल फोडतात, शिरा ओढतात, चिंचोका काढतात, आणि त्यांचा हात इतका झरझर चालतो की फीत सावकाश करून दाखवावी लागेल.